पायातला दोर

मोरचूद मातीच्या मडक्यात भिजवायचा, लोखंडात नाही.
लोखंडाशी त्याचं वैर आहे की लोभ, मला ठाऊक नाही;
पण कोयती बुडवली आणि पात्यावर तांबूस चढलं
तर चुना कमी पडला असं समजायचं.
एवढं रसायन मला येतं.
निळ्यात चुना ओतायचा की चुन्यात निळं
यावर मी आणि माझा भाऊ सोयरू दर वर्षी भांडतो
आणि दर वर्षी दोन्ही एकदम
तिसऱ्या भांड्यात ओततो.

यंदा उघाडीचे चारच दिवस मिळाले.
तीन गेले पंपाच्या वॉशरपायी,
गावडोंगरी ते चावडी, चावडी ते गावडोंगरी.
चौथ्या दुपारी पुन्हा अंधारून आलं.

मग रात्री,
टप्.
बराच वेळ काही नाही.
टप् टप्.
सोयरू अंथरुणातूनच म्हणाला, "ओहोळाकडची."
सकाळी माडीच्या बुंध्याशी हिरव्या सुपाऱ्या,
टोपीखाली पाणी मुरल्यासारखा डाग
आणि त्यावर पांढरी लव.

(पोफळीला आम्ही माडी म्हणतो.
बाहेरची माणसं हसतात:
कुणाला मडक्यातली आठवते, कुणाला वरचा मजला.
मजला म्हटलं तरी चूक नाही.
सोयरूचं अर्धं आयुष्य वरच्या मजल्यावरच गेलं.)

कृषी कार्यालयातून शेर्लिन आली, फुर्तादोंची,
गुडघ्यापर्यंत रबरी बूट.
म्हणाली, "ही बुरशी नव्हे, सोंग तेवढं बुरशीचं.
शेवाळाच्या गोतातली आहे.
हिच्या बीजाणूंना दोन दोन शेपट्या. पाणी मिळालं की पोहतात."
"किती पाणी लागतं?"
"पानावर थांबतं तेवढं."
सोयरूनं वर पाहिलं, खाली पाहिलं.
काणकोणात श्रावणात कोरडं पान
दाखवा म्हणावं एखादं.

पाटाकडेची माडी माझ्या मुलीएवढी.
तिचा कोवळा सुरळीचा शेंडा त्यानं नुसता धरला,
तर हातात आला.
वरून ओरडला नाही. वास आधी खाली आला.
शेंडा गेलेली माडी लगेच पडत नाही,
उभी राहते, विऱ्या एकेक सोडते,
आणि तुम्हाला वाटतं, येईल अजून.

आम्ही पावसाला दोष दिला.
मग पाटाच्या पाण्याला,
मग वरच्या कुळागरातल्या नायकांना,
त्यांनी पडलेली सुपारी वेळेवर उचलली नाही म्हणून.

शेर्लिननं कागदावर बागेचा आराखडा काढला
आणि आजारी माड्यांवर फुल्या मारल्या, एकतीस.
सोयरू फुल्या बोटानं जोडत गेला,
पाटापासून ओहोळापर्यंत, ओहोळावरून वळून फणसापर्यंत,
आणि फणसापाशी बोट थांबलं.

ती त्याची वाट होती.
सत्तावीस वर्षांची, जमिनीला न शिवणारी वाट.
एका माडीवर चढायचं,
तिला झुलवायचं, दुसरीची मान धरायची,
तिच्यावर जायचं, पुन्हा झुलवायचं.
चाळीस झाडांना एकदाच उतरणारा माणूस,
गावात लग्नाच्या पंगतीतही ज्याची ओळख अशीच करून देत.
आणि पायात तोच दोर,
काथ्याचा, ओला, चिखल प्यालेला.

शेर्लिन काही बोलली नाही.
दोराचा वीतभर तुकडा कापून पिशवीत घातला,
पिशवीवर तारीख लिहिली.

आता तो प्रत्येक झाडावरून उतरतो.
दोर निळ्यात बुडवतो, पाय बुडवतो, पुढच्यावर चढतो.
चाळीस झाडांना तीन दिवस लागतात.
त्याच्या गुडघ्यांना बावन्न वर्षं झाली, त्यांनाही वेळ लागतो.
संध्याकाळी पडवीत निळी पावलं उमटतात,
मी पुसते, ती पुरती जात नाहीत.

मेलेली माडी चिरून पन्हळ केली असती.
शेर्लिन म्हणाली, जाळा.
ओलं लाकूड. दोन दिवस नुसता धूर.

पण सांगायचं होतं ते वेगळंच.
वर फवारणी संपते,
माडी वाऱ्यानं आपसूक झुलते,
शेजारची तेवढीच जवळ येते
आणि त्याचा हात हवेत जातो.
जातोच.
मी खालून फक्त "सोयरू" म्हणते.
तो हाताकडे बघतो, कुणा दुसऱ्याचा असावा तसा,
आणि उतरायला लागतो.